अपयशाचे भय आणि चालढकल

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या या मंगलप्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिला याबद्दल प्रथम कार्यकारी मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. विषय निवडण्याची मोकळीकही आम्हांस देण्यात आली होती. परंतु विषय आम्ही निवडला असे म्हणणे खरे होणार नाही. तो आमच्या आचरणानेच आमच्यापुढे आणून उभा केला. हे भाषण आगाऊ लिहून द्यावे म्हणून आपल्या चिटणीसांनी तीन वेळा निरोप पाठविला आणि तिन्ही वेळा आम्ही 'उद्या देतो' असे उत्तर धाडले. शिंप्याचा वायदा हा गावोगावच्या थट्टेचा विषय आहे हे आपणांस ठाऊकच आहे. कापड टाकणारे गिऱ्हाईक आपला 'उद्या' ऐकून हसते आणि दोन दिवस वाढवूनच फेरी मारते. चिटणीसांनीही तसेच केले असावे.

थट्टा सोडून देऊ. चौथ्या दिवशी कागद पुढे घेऊन बसलो तेव्हा आम्ही स्वतःस विचारले की, आपण इतके दिवस का टाळले? वेळ नव्हता म्हणावे तर तसे नव्हते. आळस म्हणावा तर त्या तीन दिवसांत आम्ही माळ्यावरच्या जुन्या वह्या लावल्या आणि बिघडलेला पंखाही उघडून पाहिला. खरे कारण निराळे होते. आपल्यासारख्या जाणत्या मंडळींपुढे भाषण फिके पडले तर काय, ही धास्ती मनात होती. जोपर्यंत ते लिहिले नव्हते तोपर्यंत ते उत्तमच होते. याच गोष्टीवर आज बोलावे असे तेथेच ठरले.

चालढकल करणाऱ्या माणसास आपण सर्रास आळशी म्हणतो. समर्थांनी दासबोधात यत्नाचा उपदेश करताना आळसावर कठोर प्रहार केले आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु आळशी मनुष्य निजून राहतो व सुखी असतो. चालढकल करणारा दिवसभर राबतो आणि तरी दुःखी असतो. जे करावयाचे तेवढे सोडून तो बाकी सर्व करतो. असा मनुष्य बहुधा आळशी नसतो, तो भ्यालेला असतो. रोग भयाचा आणि औषध आळसाचे, असे झाल्यावर गुण यावा कसा? भ्यालेल्यास आळशी म्हणून झिडकारले की त्याचे भय दुणावते आणि भय दुणावले की काम अधिकच लांबते.

आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगतो. ती आम्हांस भूषणावह नाही. तिला आता चाळीसाहून अधिक वर्षे झाली. तालुक्याच्या गावी वडिलांचे दुकान होते. आम्ही पायजमे, सदरे, शाळकरी मुलांच्या चड्ड्या हे सर्व सफाईने बेतत होतो. एके दिवशी जवळच्या खेड्यातील एक प्राथमिक शिक्षक मुलाच्या लग्नाच्या कोटासाठी लोकरीचे उंची कापड घेऊन आले. पोटास चिमटा घेऊन घेतलेले ते कापड आहे, हे त्यांच्या घडी उलगडण्यावरूनच कळत होते. वडिलांनी मापे घेतली आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "हा कोट तू बेत." आमच्या आयुष्यातील तो पहिला कोट.

ते कापड फळीवर सहा आठवडे पडून होते. त्या सहा आठवड्यांत आम्ही कात्रीस दोनदा धार लावून आणली, यंत्राला तेल दिले, फळ्या झाडल्या आणि दुसऱ्यांचे ढीगभर कपडे शिवले. कोटाचे कापड मात्र खाली काढून, त्यावरून हात फिरवून, पुन्हा वर ठेवीत होतो. गुरुजी पहिल्यांदा आले तेव्हा 'बेतून ठेवला आहे' म्हणालो. दुसऱ्यांदा आले तेव्हा 'काज-बटणे तेवढी राहिली' म्हणालो. दोन्ही खोटे. लग्न चार दिवसांवर आले तेव्हा ते तिसऱ्यांदा आले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, झाला तेवढा नुसता दाखवा तरी." दाखविण्यासारखे काय होते? वडील त्या वेळी दुकानातच होते. त्यांनी फळीकडे पाहिले आणि सारे ओळखले. गुरुजींना ते इतकेच म्हणाले, "चूक आमच्या दुकानाची आहे. परवा संध्याकाळी कोट घेऊन जा."

रात्री जेवणे झाल्यावर वडिलांनी आम्हांस दुकानात नेले. आता मार बसणार असे वाटले होते. तो बसला नाही. त्यांनी पुढ्यात लोकरीचे कापड न ठेवता मांजरपाटाचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाले, "याच्यावर बेत." आम्ही बेतला. खांदा चुकला आणि एक मुंढा तोकडा पडला. वडिलांनी चूक दाखविली नाही. धावदोरा घालून तो आमच्याच अंगावर चढविला आणि आरशासमोर उभे केले. चूक आमची आम्हांसच दिसली. मग ते म्हणाले, "कोट बिघडेल याची तुला भीती नव्हती. तशी भीती असती तर तू पहिल्या दिवशीच मला विचारले असतेस. शिंप्याच्या पोराने कोट बिघडवला असे लोक म्हणतील, याची तुला भीती होती. आता खरे कापड घे आणि माया जरा जास्त सोड. चुकलास तर उसवून पुन्हा घालता येईल."

'माया' हा शब्द आपल्या धंद्यातील प्रत्येकाच्या ओठावर आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड आपण राखून ठेवतो त्यास आपल्या पूर्वजांनी माया म्हटले. मूल वाढेल, अंग भरेल, माप चुकेल, हे सारे गृहीत धरून ती सोडलेली असते. वरून ती दिसत नाही. पण तीवाचून शिवलेला कपडा पहिल्या चुकीलाच वाया जातो. त्या रात्री आम्ही माया सोडून कोट बेतला. तो निर्दोष झाला असे म्हणवत नाही. डाव्या बाहीच्या मुंढ्याशी किंचित ओढ राहिली. लग्न पार पडल्यावर वडिलांनी कोट मागवून घेतला आणि त्या मायेतूनच ती ओढ काढून दिली. सहा आठवडे ज्या चुकीच्या धाकाने आम्ही झोप घालविली, ती दुरुस्त करावयास वडिलांस अर्धा तास लागला.

या दुखण्याचा शोध आधुनिक मानसशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. 1984 साली अमेरिकेतील लॉरा सॉलोमन व एस्थर रॉथब्लम या दोन विदुषींनी महाविद्यालयीन विद्यार्थी अभ्यास का लांबणीवर टाकतात याची चौकशी केली. तीत दोन कारणे ठळकपणे पुढे आली : एक, कामाची नावड आणि दुसरे, अपयशाचे भय. नावडीपायी टाळणारे संख्येने अधिक निघाले हे खरे; परंतु भयापायी टाळणाऱ्यांचा गट वेगळा आणि स्पष्ट होता. नावड असलेल्यास शिस्त पुरते, भ्यालेल्यास ती पुरत नाही, हे ज्याने घरात मुले वाढविली आहेत त्यास सांगावयास नको.

त्याआधी 1978 साली स्टीव्हन बर्गलास व एडवर्ड जोन्स यांनी एक मार्मिक प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांस सुटण्याजोगी कोडी दिली, काहींस मुळी न सुटणारीच दिली, आणि उत्तम यश मिळाल्याचे दोघांनाही सांगितले. नंतर दुसऱ्या परीक्षेपूर्वी दोन औषधे पुढे ठेवली. एकाने बुद्धी तल्लख होते आणि दुसऱ्याने मंदावते, असे सांगून त्यांतले एक निवडावयास लावले. ज्यांस आपले यश कशामुळे आले हेच उमगले नव्हते, त्यांच्यापैकी, विशेषतः पुरुष विद्यार्थ्यांपैकी, पुष्कळांनी बुद्धी मंद करणारे औषध पसंत केले. कारण उघड आहे. हरलो तर औषधाने हरलो म्हणता येईल. अब्रू शाबूत राहील. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत पुस्तक न उघडणारा मुलगा हेच औषध घेत असतो. 'अभ्यासच केला नव्हता, नाही तर पहिला आलो असतो' असे म्हणण्याची सोय तो करून ठेवतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही आपली म्हण सर्वांस माहीत आहे. परंतु हा मुलगा एक पाऊल पुढचा. तो नाचाच्या आदल्या रात्री स्वतःच अंगण उकरून ठेवतो.

आपल्या पुराणांतही हा मनुष्य आहे. महाभारताच्या विराटपर्वातील राजपुत्र उत्तर आठवावा. कौरवांनी गाई वळवून नेल्या तेव्हा अंतःपुरातील स्त्रियांपुढे त्याने पराक्रमाच्या मोठमोठ्या गोष्टी केल्या. अडचण एकच, चांगला सारथी नाही. सारथी नव्हता तोपर्यंत त्याचे शौर्य सुरक्षित होते. दुर्दैवाने बृहन्नडा सारथी म्हणून लाभली आणि कौरवसेना दृष्टीस पडताच राजपुत्र रथातून उडी टाकून पळत सुटला. ही कथा सांगताना आपण येथवर हसतो आणि थांबतो. पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने त्यास पकडून आणले, परंतु घरी धाडले नाही. तुला युद्ध झेपत नसेल तर तू घोड्यांचे लगाम धर, युद्ध मी करतो, असा धीर देऊन त्यालाच सारथी केले. ज्या रथातून तो पळाला होता त्याच रथावर त्याला झेपेल असे काम मिळाले आणि ते त्याने अखेरपर्यंत केले. आमच्या वडिलांनी मांजरपाटाचा तुकडा पुढे केला तोही याच रीतीने.

थोरांचा मार्गही याहून निराळा दिसत नाही. गांधीजी 1891 साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात तीस रुपये फीचे पहिले काम मिळाले. साक्षीदाराची उलटतपासणी करण्यास ते उभे राहिले आणि त्यांचे डोके गरगरू लागले; एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली आणि बाहेर पडले. दक्षिण आफ्रिकेस जाईपर्यंत त्यांनी पुन्हा न्यायालयात काम चालविले नाही. म्हणजे भयाने त्यांनाही काही काळ मागे रेटले होते. परंतु त्या काळात ते हात बांधून बसले नाहीत. राजकोटास जाऊन लोकांचे अर्ज लिहून देण्याचे, आवाक्यातले काम करीत राहिले. 1893 साली आफ्रिकेचे बोलावणे आले तेव्हा ते गेले आणि पुढचा इतिहास जगाने पाहिला. ही फजितीची हकीकत आपणांस कोण्या शत्रूकडून कळलेली नाही. त्यांनी स्वतःच ती आपल्या आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर आपल्या धंद्याच्या रीतीस फारच जवळचे आहे. चित्रपट काढण्याचे वेड त्यांनी घेतले तेव्हा या देशात त्यांना पाठीशी घालणारा सावकार मिळणे कठीण होते. 1912 साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' मांडला नाही. कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि त्याचा अंकुर फुटून रोप वर येईपर्यंतची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपून काही क्षणांचा एक छोटा चित्रपट तयार केला. तो पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला, आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांसमोर आला. वाटाण्याचे ते रोप म्हणजे फाळक्यांचा मांजरपाट होता. तो बिघडला असता तर मूठभर वाटाणे व थोडी फीत गेली असती; पुन्हा पेरता आले असते.

परंतु ज्ञातिबंधूंनो, दूर कशास जावे? ज्यांच्या नावाने आपण स्वतःस नामदेव शिंपी म्हणवितो, त्या संतशिरोमणींच्याच चरित्राकडे पाहू. आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकली आहे. गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. मुक्ताबाईने थापटणे पाहून हे कशासाठी, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे पारखण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर, मग ही मडकीही पारखून पाहा, असे ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे संत शांत राहिले. नामदेवांस मात्र ते सोसले नाही आणि भर सभेत निकाल झाला : हे मडके कच्चे आहे.

या प्रसंगी नामदेवांची काय अवस्था झाली असेल याचा आपण विचार करतो काय? ज्यांच्याशी साक्षात विठ्ठल बोलतो अशी ज्यांची ख्याती, ते सर्वांदेखत नापास झाले. त्यांस राग आला, ते उठून पंढरीस गेले, देवापाशी गाऱ्हाणे केले. देवानेही निकाल फिरविला नाही; विसोबा खेचरांकडे जा, असे सांगितले. आणि नामदेव गेले. आधी एकांतात मडके पक्के करतो, मग गुरूकडे जातो, असे त्यांनी म्हटले नाही. कच्चे असतानाच ते गेले, म्हणून पक्के होऊन परत आले. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत पोचले; त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली; घुमान येथे आजही त्यांचे स्थान पूजिले जाते, आणि 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानास भरले.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कच्च्या मडक्याची ही कथा आपल्याच समाजाने सातशे वर्षे जपली. कीर्तनकारांनी ती गाळली नाही, भक्तांनी ती लपविली नाही. आपल्या आराध्य संताचे अपयश आपण अभिमानाने सांगतो. आणि आपल्या घरातल्या मुलाचे अपयश मात्र पाहुण्यांपासून लपवितो.

येथे आम्ही आज खरे जे सांगावयास आलो आहोत त्याकडे वळतो. आमचा एक भाचा आहे. नाव सांगत नाही. तो आज येथे नाही. मुलगा हुशार. दहावीला याच व्यासपीठावर त्याचा गुणगौरव झाला, हार घातला, फोटो स्मरणिकेत छापला. पुढे तो पदवीच्या शेवटच्या वर्षास एका विषयात राहिला. एकच विषय. तो सोडवावयास एक फेरपरीक्षा पुरे होती. ती त्याने दिली नाही. सहा महिन्यांनी दिली नाही, वर्षाने दिली नाही. आज चौथे वर्ष चालू आहे. कोणी विचारले की म्हणतो, "तयारी चालू आहे." हे शब्द ऐकले की आम्हांस 'काज-बटणे तेवढी राहिली' आठवते.

दोन वर्षांमागे स्नेहसंमेलनात तो मागच्या रांगेत बसला होता. आम्ही येथे, याच जागी, ध्वनिक्षेपकापुढे उभे होतो. गुणवंतांची नावे वाचता वाचता आमची दृष्टी त्याच्याकडे गेली आणि आम्ही कौतुकाने, थट्टेने, म्हणा हवे तर मामेपणाच्या हक्काने, विचारले, "काय रे, तुझा हार कधी?" सभा हसली. आपणही हसला असाल. त्यानंतर तो संमेलनास आलेला नाही.

मागल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. चहा झाल्यावर तो आम्हांस पोचवावयास कोपऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मामा, नापास झालो असतो तर मला काही वाटले नसते. पण पुन्हा बसून पुन्हा नापास झालो, तर तुम्हां सगळ्यांपुढे काय तोंड दाखवू? न बसलेला मुलगा निदान हुशार तरी असतो." ज्ञातिबंधूंनो, हे वाक्य ऐकून आमची मान खाली गेली. त्या मुलास अभ्यासाचे भय नाही, प्रश्नपत्रिकेचे नाही. त्याला आपले भय आहे. ते भय हाराबरोबर आपणच त्याच्या गळ्यात घातले.

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य आपण सभागृहाच्या भिंतीवर रंगवितो. परंतु त्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलास आपण कधी शेजारी बसवून घेतले आहे काय? बक्षीस पहिल्या येणाऱ्यास, फोटो पहिल्या येणाऱ्याचा, भाषण पहिल्या येणाऱ्याच्या बापाचे. गुणवंतांचे कौतुक करू नये असे आम्ही म्हणत नाही, करावेच. परंतु माया न सोडता शिवलेले हे कौतुक अंगास इतके घट्ट बसते की मुलाला हातच उचलता येत नाही.

तर उपाय काय? प्रथम जो टाळतो आहे त्यास सांगतो. खऱ्या कापडास कात्री लावण्याचे धैर्य होत नसेल तर मांजरपाट घ्या. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, घरात दार लावून, घड्याळ लावून सोडवा. ती कोणी तपासणार नाही. दुकान काढावयाचे असेल तर सणाचे आठ दिवस ओटीवर मांडून पाहा. विवाहासंबंधीचे पत्र लिहावयाचे असेल तर कच्चा मसुदा आज लिहा. काम केवढे आहे हे पाहू नका. आज खडूची पहिली रेघ कोठे ओढावयाची तेवढेच पाहा. रेघ पुसता येते.

थांबणे आणि टाळणे यांतला भेदही ओळखावा. सुती कापड बेतण्यापूर्वी आपण ते भिजवून, आटवून, वाळवून घेतो. त्यास एखादा दिवस जातो. ती चालढकल नव्हे, कारण त्या वेळात कापडाचे काहीतरी होत असते. फळीवर पडलेल्या कापडाचे काहीच होत नाही. आपले काम भिजत पडले आहे की फळीवर पडले आहे, एवढा एकच प्रश्न रोज रात्री स्वतःस विचारावा.

आणि झालेल्या उशिराबद्दल स्वतःस मारीत बसू नये. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःस क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. स्वतःस दोष देत बसणे हेही काम टाळण्याचेच एक साधन आहे, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. त्याऐवजी एका विश्वासू माणसास खरे सांगावे : कोट बेतलेला नाही. हे तीन शब्द बोलण्यास आम्हांस सहा आठवडे लागले आणि तेही आम्ही बोललो नाहीच. वडिलांनी फळीकडे पाहून ओळखले.

परंतु अर्धे काम आपणां पाहणाऱ्यांचे आहे, आणि म्हणून कार्यकारी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, पुढील वर्षापासून गुणगौरवात, एकदा अपयश येऊन दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचाही, त्यांची संमती घेऊन, तितक्याच मानाने सत्कार व्हावा. दुसरी, शिष्यवृत्तीच्या निधीतून फेरपरीक्षेचे शुल्कही द्यावे. आज ते फक्त पहिल्या प्रयत्नास मिळते. या कामी आरंभाची रक्कम म्हणून आम्ही आमची यथाशक्ति देणगी आजच खजिनदारांकडे जमा केली आहे. उद्या देतो असे म्हटलेले नाही. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. या व्यासपीठावरून कोणीही, मग तो कितीही जवळचा आप्त असो, कोणा मुलास वा मुलीस 'तुझे कधी?' असे विचारू नये. नोकरीचे नाही, परीक्षेचे नाही, लग्नाचेही नाही.

ही तिसरी सूचना मोडणारा पहिला अपराधी आपल्यापुढे उभा आहे. ज्या जागेवरून आम्ही तो प्रश्न विचारला त्याच जागेवरून आम्ही आमच्या भाच्याची आज जाहीर क्षमा मागतो. तो येथे नाही. परंतु ही स्मरणिका त्याच्या घरी जाईल. त्याने परीक्षा द्यावी की न द्यावी हे त्याचे त्याने ठरवावे. दिली आणि पुन्हा राहिला, तर त्याने प्रथम आमच्याकडे यावे. आम्ही त्यास जेवावयास घालू आणि विषय काढणार नाही.

नामदेव महाराजांनी 1350 साली पंढरीच्या महाद्वारी पायरीखाली समाधी घेतली. लोक काय म्हणतील या भयाने आपण मान झाकून घेतो. त्यांनी लोकांचे चरण मस्तकावर लागावेत म्हणून ती जागा मागून घेतली. त्या पायरीवर डोके टेकताना आपल्या मनातील हे भय थोडे उणे व्हावे, आणि आपल्या हाताने बेतल्या जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आयुष्यात थोडी माया सोडण्याची बुद्धी आपणांस व्हावी, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना करून, हे भाषण पुरे करतो.

जय नामदेव.